डोळा शाबूत, मग तक्रार कसली?

आपल्याकडे डोळ्यांचं आरोग्य म्हटलं की मोतीबिंदू. गावात शिबिर लागतं ते मोतीबिंदूचं. पुढारी फोटो काढून घेतात ते हिरव्या पट्ट्या बांधलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेसमोर. वर्षाअखेर अहवालात आकडा जातो तोही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचाच. याला इतिहास आहे. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदूवर भर देणारा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. त्यामुळे लाखो लोकांना दृष्टी मिळाली, हे कुणीच नाकारणार नाही. पण त्याबरोबर एक सवयही लागली. डोळा म्हणजे आतलं भिंग, आणि भिंग ठीक असेल तर डोळा ठीक, अशी.

डोळ्याभोवती पापणी असते, आसवं वाहून नेणारी बारीक नळी असते, डोळा ज्यात बसतो ती हाडांची खोबण असते. यातलं काही बिघडलं तर त्याची वेगळी शस्त्रक्रिया असते आणि ती करणारे वेगळे तज्ज्ञ असतात. शहरात त्यांना ऑक्युलोप्लास्टी सर्जन म्हणतात. पालघर आणि बोईसर-तारापूर भागात मी गेली काही वर्षं काम करते आहे. एका बाजूला वारली आणि इतर आदिवासींचे पाडे, किनाऱ्याला मच्छीमारांची गावं, मध्ये एमआयडीसी आणि तिच्या आसऱ्याने वाढलेल्या चाळी. या तिन्ही ठिकाणी मला ज्या बायका भेटल्या, त्यांच्या अनुभवावरून एक मत पक्कं झालं आहे: पापणी, आसवं आणि खोबण हा प्रश्न डॉक्टरी आहेच, शिवाय तो बाईच्या प्रतिष्ठेचा, तिच्या कमाईचा आणि न्यायाचाही आहे. स्त्री-संघटनांनी तो हाती घ्यायला हवा.

सदा रडकी

आसवं वाहून नेणारी नळी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकात उतरते. ती बुजली की डोळ्यातून सतत पाणी गळतं. पुढे आसवांच्या पिशवीत पू होतो, नाकाच्या बाजूला गाठ येते, दाबलं की पू बाहेर येतो. चाळिशीनंतर हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो. बायकांची ही नळी मुळात अरुंद असते, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती नवी नाही. आसवांच्या पिशवीतून नाकात दुसरी वाट करून देणारी ही शस्त्रक्रिया इटलीतल्या टोटी नावाच्या डॉक्टरने १९०४ साली मांडली. आज ती नाकातून दुर्बिणीनेही होते.

पण आपल्याकडची बाई पदराने डोळा पुसत राहते. घरातले म्हणतात, चुलीच्या धुराने होतं. शेजारीण म्हणते, आतल्या आत रडते बिचारी. लग्नकार्यात तिला पुढे बोलवत नाहीत. एका पाड्यावरच्या मावशींनी मला सांगितलं की, सून आपल्या हातचं पोराला भरवू देत नाही, कारण डोळ्याला पू असतो.

आता शिबिराचं पाहा. मोतीबिंदू काढण्याआधी डॉक्टर आसवांची नळी मोकळी आहे की नाही हे पाणी सोडून तपासतात, आणि ते योग्यच आहे. पू असताना डोळा उघडला तर जंतू आत जाऊन डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून अशा बाईला त्या दिवशी परत पाठवतात. ‘आधी नळीचं ऑपरेशन करून या’ म्हणतात. ते कुठे करायचं, कसं जायचं, पैसे कोण देणार, हे कागदावर कुठेच नसतं. म्हणजे नळीचा आजार ज्यांना जास्त होतो त्या बायकाच मोतीबिंदूच्या रांगेतूनही बाहेर पडतात. शिबिराच्या अहवालात झालेल्या ऑपरेशनांचा आकडा असतो. परत पाठवलेल्यांचा रकाना मी तरी अजून पाहिलेला नाही.

खुपऱ्यांच्या रोगाचंही असंच. या रोगात पापणी आतून आवळते, केस आत वळतात आणि बुबुळाला घासून घासून दृष्टी घालवतात. जगभरचा अनुभव असा की, यात आंधळं होण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांच्या चौपटीपर्यंत असतं. कारण साधं आहे. आजारी पोरांची नाकंडोळी पुसणारा हात बाईचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेला नाही असं जाहीर केलं. चांगली गोष्ट आहे. पण म्हातारपणाने, भाजल्याने किंवा जुन्या जखमेने पापणी आत किंवा बाहेर वळलेल्या बायका अजून आहेत, आणि आत वळलेले केस चिमट्याने उपटून दिवस काढणाऱ्याही आहेत.

मुलीचं लग्नाआधी करू

काही मुलांची वरची पापणी जन्मापासून पडलेली असते. ती बाहुलीवर आली तर त्या डोळ्याला चित्रच मिळत नाही. डोळा निरोगी असूनही मेंदू त्याने पाहायला शिकत नाही. हे शिकणं साधारण सातव्या-आठव्या वर्षापर्यंत होतं. पुढे पापणी उचलली तरी गेलेली नजर बहुधा परत येत नाही. म्हणून अशा मुलाची तपासणी लहानपणीच व्हायला हवी आणि गरज असेल तर ऑपरेशनही.

मुलगा असेल तर ‘शाळेत चिडवतात’ म्हणून आईबाप धावपळ करतात. मुलगी असेल तर मला अनेक घरांत एकच उत्तर मिळालं: ‘लग्नाआधी करून टाकू.’ या तीन शब्दांत मुलीच्या डोळ्याकडे पाहण्याची आपली सगळी रीत आहे. तो डोळा तिच्या पाहण्यासाठी नाही, तिच्याकडे पाहायला येणाऱ्यांसाठी आहे. अठराव्या वर्षी पापणी सरळ होते, चेहरा ‘दाखवण्याजोगा’ होतो, आणि त्या डोळ्याने तिला धड दिसत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मार लागला, पण डोळा वाचला

आता मी सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. नवऱ्याने तोंडावर मारलेली बाई आपल्या केंद्रांत नवी नाही. डोळा काळानिळा, सुजून बंद. दवाखान्यात ती सांगते, मोरीत पडले. डॉक्टर पापणी उघडून बॅटरी मारतात, ‘दिसतंय ना? मग काही नाही’ म्हणतात आणि सुजेच्या गोळ्या देतात. डोळा शाबूत, मग तक्रार कसली?

पण डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि आतली भिंत ही आपल्या शरीरातल्या अगदी पातळ हाडांपैकी आहेत. बुक्की बसली की दाब मागे जातो आणि हे हाड मोडतं. डोळा वाचतो, खोबण फुटते. सूज उतरल्यावर बाईला एकाचे दोन दिसू लागतात, गाल आणि वरचा ओठ बधिर होतो, डोळा आत गेल्यासारखा दिसतो. साध्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर निसटू शकतं, सीटी स्कॅनमध्ये दिसतं. पापणी आतल्या कोपऱ्यात फाटली असेल तर आसवांची नळीही तुटलेली असू शकते. ती शक्यतो दोन दिवसांच्या आत जोडावी लागते. नुसती वरची कातडी शिवली तर जखम भरते आणि डोळा जन्मभर गळत राहतो.

याचा कायद्याशी थेट संबंध आहे आणि तो आपल्या कार्यकर्त्यांना पाठ हवा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ११६ व्या कलमात (पूर्वीचं ३२०) जबर दुखापत कशाला म्हणायचं याची यादी आहे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं हे सगळं त्या यादीत आहे. साधी दुखापत अदखलपात्र असते, म्हणजे पोलीस ‘एनसी’चा कागद हातात ठेवून मोकळे. जबर दुखापत दखलपात्र असते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खोबणीचं मोडलेलं हाड हेही हाडच. ते कागदावर आलं तर गुन्ह्याचं स्वरूप बदलतं. ‘डोळ्याभोवती काळेनिळे’ एवढंच आलं, तर बाई एनसी घेऊन घरी जाते, त्याच घरी.

कुणी म्हणेल, नवऱ्याविरुद्ध क्रूरतेचं कलम आहेच, पूर्वीचं ४९८ अ आणि आताचं ८५. आहे. पण मारणारा दरवेळी नवरा किंवा सासरचाच असतो असं नाही. ठेकेदार असतो, भाऊ असतो, सोबत राहणारा पण लग्न न केलेला पुरुष असतो. आणि कलम कुठलंही लावलं, तरी कोर्टात शेवटी दवाखान्याचा कागदच बोलतो.

दवाखाना हीच बाईला गाठण्याची जागा आहे, हे मुंबईत सिद्ध झालं आहे. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. मारहाण झालेल्या बाईला तिथेच समुपदेशन, नोंद आणि कायद्याचा सल्ला मिळू लागला. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. रेल्वेने वांद्रे बोईसरपासून दोन तासांवर आहे. ही पद्धत मात्र तेवढंही अंतर कापून आपल्या बाजूच्या प्रत्येक दवाखान्यात आलेली नाही.

ॲसिड, रसायनं आणि चुना

२ मे २०१३ ला वांद्रे टर्मिनसवर प्रीती राठीवर ॲसिड फेकलं गेलं. नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायला ती दिल्लीहून आली होती. १ जूनला ती गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲसिड हल्ल्यासाठी स्वतंत्र कलमं आली होती (आता न्याय संहितेचं १२४ वं कलम). जुलैमध्ये लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड विक्रीवर निर्बंध आणि किमान तीन लाख भरपाईचा आदेश दिला. ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजना आली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातील पीडितांचा समावेश झाला. ॲसिड हल्ल्यातल्या बाईवर खासगी असो वा सरकारी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करायचे, हाही कायदा आहे. नकार दिला तर तो गुन्हा ठरतो.

हे सगळं चळवळीने मिळवलेलं आहे. पण ‘उपचार’ म्हणजे किती? भाजलेली पापणी आक्रसते, डोळा मिटत नाही, बाई उघड्या डोळ्याने झोपते. मग हल्ल्यात वाचलेलं बुबुळ कोरडं पडून नंतर जातं. म्हणून पापणी परत बनवणं हे नजर वाचवण्याचं काम आहे. ते एका ऑपरेशनात होत नाही, वर्षानुवर्षं चालतं. पहिल्या महिन्यानंतरच्या या वर्षांचा हिशेब सरकारने ठेवला पाहिजे.

तारापूर एमआयडीसीत तर रसायन रोजचंच. जानेवारी २०२० मधल्या स्फोटात आणि ऑगस्ट २०२५ मधल्या वायुगळतीत कामगारांचे जीव गेले, तेव्हा बातम्या आल्या. पिंप धुताना, पावडर भरताना डोळ्यात उडालेल्या थेंबाची बातमी होत नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बाईचं नाव हजेरीपटावर नसतं, ईएसआयचं कार्ड नसतं. तिला रिक्षाने घरी सोडतात. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात एक डोळा गमावण्याला ४० टक्के आणि अत्यंत गंभीर विद्रूप चेहऱ्याला १०० टक्के कमाई-हानी धरलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तिच्यातही असाच तक्ता आहे. म्हणजे चेहऱ्याचा कमाईशी संबंध आहे, हे कायद्याने केव्हाच मान्य केलं आहे. प्रश्न हजेरीपटावर नाव नसलेल्या बाईचा आहे.

आणि घराघरातला धोका म्हणजे तंबाखूसोबतची चुन्याची पुडी. पोर ती दाबतं, फुटते आणि चुना डोळ्यात. चुना बुबुळ तर जाळतोच, शिवाय पापणी डोळ्याला आतून चिकटवतो. अशा वेळी डोळ्यातले कण काढून निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं आणि मग दवाखाना गाठायचा. तूप, दूध, पाल्याचा रस काही घालायचं नाही. बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत हे एकदा सांगायलाच हवं.

ही सौंदर्याची चैन आहे का?

आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप मी ऐकला आहे: पापण्यांची ऑपरेशनं म्हणजे शेवटी सौंदर्याचा बाजार. १९९६ साली बंगलोरच्या विश्वसुंदरी स्पर्धेविरुद्ध आपण बोललो. बाईला तिच्या चेहऱ्यावरून तोलू नका म्हणालो. मग आज चेहरा दुरुस्त करण्याची मागणी कशी करायची?

आक्षेप प्रामाणिक आहे आणि अर्धा खराही. याच शाखेचे काही डॉक्टर सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं देतात, डोळ्याखालच्या पिशव्या काढतात, आणि पैसा तिथे जास्त आहे. तज्ज्ञ शहरात थांबतात त्याचं हेही एक कारण. पण बाजाराने एखादी विद्या वापरली म्हणून गरजेच्या बाईने ती नाकारायची का? ज्या बाईचा डोळा काढावा लागला, तिला कृत्रिम डोळा हवा असतो. खोबण रिकामी राहिली तर ती आक्रसते, पापण्या आत वळतात, पुढे डोळा बसवणंही कठीण होतं. लहान मुलीच्या बाबतीत तर चेहऱ्याची ती बाजूच नीट वाढत नाही. आणि हेही खरं की, एकाक्ष बाईला लोक अपशकुनी म्हणतात, बाळंतिणीच्या घरी येऊ देत नाहीत, कामावर ठेवत नाहीत. ती समजूत बदलण्यासाठी आपण भांडतोच आहोत. तोवर तिने रिकामी खोबण घेऊन आपल्या तत्त्वाची वाट पाहायची, हे मला मान्य नाही.

सरकारी तक्त्यात तर तिची वेगळीच कोंडी आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर अपंगत्व ३० टक्के धरतात. बहुतेक सवलतींना ४० लागतात. गावाच्या लेखी ती काणी, सरकारच्या लेखी धडधाकट.

अंतर आणि मागण्या

पालघर १ ऑगस्ट २०१४ ला स्वतंत्र जिल्हा झाला. पण या शस्त्रक्रियेसाठी बोईसरची बाई अजून मुंबईची वाट धरते. चर्चगेटपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर, पहाटेची लोकल, मुंबई सेंट्रलला उतरून जे. जे. नाहीतर नायर. तलासरीची बाई सिल्वासा-वलसाडकडे जाते. जव्हार-मोखाड्याच्या बाईला तर आधी रेल्वेच गाठावी लागते. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्याची दुसरी मजुरी बुडते. टाके काढायला, नळी काढायला पुन्हा खेपा. खासगीत महिन्याकाठी येणारे मुंबईचे तज्ज्ञ आता पालघर-बोईसरला मिळतात, पण पैसे असतील त्यांनाच. सरकारी विमा योजनांच्या यादीत पापणी, आसवांची नळी आणि खोबणीच्या शस्त्रक्रियांना जागा आहे, पण हे सांगणारा माणूस बाईला भेटत नाही.

म्हणून माझ्या मते आपण एवढं मागायला हवं. जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस या शाखेच्या तज्ज्ञाचा असावा, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर यावेत. प्रत्येक नेत्रशिबिराने परत पाठवलेल्यांची यादी कारणासह आणि बाई-पुरुष अशी वेगळी ठेवावी, आणि त्यांचं पुढे काय झालं ते तीन महिन्यांनी सांगावं. तोंडावर मार लागलेल्या प्रत्येक बाईचा सीटी स्कॅन मोफत व्हावा आणि त्याचा निष्कर्ष पोलिसांना जाणाऱ्या कागदात यावा. बोईसरला ‘दिलासा’सारखं केंद्र रुग्णालयाच्या आत असावं. शाळा-अंगणवाडीत तपासणीला जाणाऱ्या पथकांनी पडलेल्या पापणीची मुलगी पहिल्याच वर्षी पुढे पाठवावी. कारखान्यात ठेक्यावरच्या बाईचंही नाव पटावर असावं आणि डोळे धुण्याची सोय तिच्या कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर असावी.

सरकार हलेपर्यंत आपल्या हातात काही नाही असं मात्र नाही. आपल्या केंद्रात मार खाऊन आलेल्या प्रत्येक बाईला चार प्रश्न विचारू या. एकाचे दोन दिसतात का? गाल किंवा ओठ बधिर आहे का? डोळा सगळीकडे फिरतो का? आतल्या कोपऱ्यात पापणी फाटली आहे का? एकाही प्रश्नावर शंका आली तर तिला जोरात नाक शिंकरू नको म्हणून सांगायचं, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं आणि कागदाची प्रत आपल्याकडे ठेवायची. डोळा गळणाऱ्या, शिबिरातून परत आलेल्या बायकांची यादी प्रत्येक गटाने आपल्या गावापुरती करावी. पुढच्या तिमाहीत पालघर, डहाणू, तलासरी, वसई, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा अशा आठही तालुक्यांच्या याद्या एकत्र आल्या, तर त्या घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना भेटता येईल. तेव्हा ‘अशा बायका आहेत तरी किती?’ हा नेहमीचा प्रश्न त्यांना विचारू द्या. उत्तर आपल्या वहीत असेल.